कुठले म्हणायचे हे लीपहॉर्न?

"त्या चीचं लग्न पुन्हा फिसकटलं," मी म्हटलं.

वहिनी कुंपणापलीकडे कढीपत्ता तोडत होत्या. हात तिथंच थांबला. "कुणाचं?"

"जिम चीचं. पोलिसात आहे, शिपरॉकला. आधी एक शाळेतली बाई होती, विस्कॉन्सिनची. ती माहेरी निघून गेली. आता ही वकीलही हातची चालली."

"अगोबाई! कुठले म्हणायचे हे?"

कादंबरीतला माणूस आहे म्हणून सांगितलं, तरी वहिनी मागे हटेनात. "मग? कादंबरीतल्या माणसाला गाव नसतं? घराणं नसतं?"

टोनी हिलरमनच्या कादंबऱ्यांत शिरायला याहून नेमका प्रश्न सापडणार नाही. १९७० ते २००६ या काळात त्याने नवाहो आदिवासींच्या राखीव मुलुखातल्या पोलिसांवर अठरा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत खून आहेच. पण जुन्या वळणाचे दोन नवाहो भेटले की आधी कूळ निघतं. आईचं पहिलं, मग बापाचं.

"आईचं पहिलं?" वहिनींनी भुवया उंचावल्या.

"आईचं. मूल आईच्या कुळात जन्मतं आणि बापाच्या कुळासाठी जन्मतं, असं ते सांगतात. हा ची आईकडून सावकाश बोलणाऱ्यांच्या कुळातला. लग्न आईच्या कुळात चालत नाही आणि बापाच्याही नाही."

"म्हणजे सगोत्र नको."

"तिथंच तर घोडं अडलं. ही जॅनेट पीट, वकील. बाप नवाहो, आई गोरी, वाढली बाहेर शहरात. बापाच्या कुळाची तिला धड माहिती नाही. 'सेक्रेड क्लाउन्स'मध्ये चीला घोर लागतो, आपलं आणि हिचं कुठून नातं तर निघत नाही ना? एकीकडे खुनाचा तपास चाललाय आणि दुसरीकडे हा जाणत्या म्हाताऱ्यांकडे कुळाची चौकशी करत हिंडतोय."

"बरोबर आहे त्याचं. नंतर बोंब होण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं," वहिनींनी निकाल दिला. "आणि ती पहिली?"

"मेरी लँडन. तिचं म्हणणं, तू एफबीआयमध्ये जा, बाहेर राहू, मुलं बाहेर वाढवू. याचा पाय निघेना. हा दिवसा पोलीस, आणि उरलेल्या वेळात मामाकडे विधी शिकतो. मामा मोठा जाणकार, फ्रँक सॅम नाकाई. आजाऱ्यासाठी गायचे विधी. काही नऊ-नऊ रात्री चालतात. जमिनीवर रंगीत वाळूची चित्रं काढायची, आजाऱ्याला त्यावर बसवायचं, आणि विधी उरकला की चित्र मोडून टाकायचं. गाण्यातला शब्द मागे-पुढे होता कामा नये. असा माणूस विस्कॉन्सिनात जाऊन काय करील?"

"मग बसलाय का बिनलग्नाचा?"

"नाही. त्याच्याच हाताखालची एक पोरगी आहे, बर्नाडेट मॅन्युएलिटो. ती समोर आहे हे याला कळायला चार-पाच पुस्तकं जावी लागली."

"पुरुषांना समोरचं दिसत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि ते व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या भाऊंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. भाऊ म्हणजे निवृत्त फौजदार. पेपर खाली झाला. पोलिसाचा विषय निघाल्यावर ते किती वेळ गप्प बसणार होते?

"ठाणं कुठलं म्हणालात?"

"शिपरॉक, न्यू मेक्सिको. मुख्य कचेरी विंडो रॉकला, ती ॲरिझोनात. मुलूख तीन राज्यांत पसरलाय, तिसरं युटा. सगळा मिळून सत्तर हजार चौरस किलोमीटरच्या वर."

"म्हणजे मराठवाड्याहून मोठा. आणि माणसं किती?"

"नवाहो पोलीस जेमतेम दोनशेच्या घरात."

भाऊ खुर्ची उचलून कुंपणाशी आले. दोनशे शिपायांत मराठवाडा कसा सांभाळायचा, हा आकडा त्यांच्या डोक्यात बसेना. मी म्हटलं, हिलरमनच्या कादंबऱ्यांत निम्मा वेळ गाडी चालवण्यातच जातो, ते उगाच नाही. मदत मागितली तर मदतीची गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. कच्चा रस्ता, पाऊस आला की चिखल, नाही आला की धूळ. कुठल्या ढगाखाली पाऊस पडतोय आणि तो जमिनीपर्यंत पोचतोय का, हे हिलरमन पानपानभर सांगतो. पहिल्यांदा वाचताना मी ती पानं उडवली होती. पुढं कळलं, तपास त्या पानांतच चाललेला असतो. कुठला ओढा भरला, कोण अडकलं, कुणाची गाडी कुठल्या वाटेने आलीच नसेल.

"ते राहू द्या. खुनाचा तपास कुणाकडे?" भाऊंनी मुद्द्याला हात घातला.

"एफबीआयकडे."

"का? ठाणं नवाहोंचं, मेलेला नवाहो, मारणारा नवाहो!"

"तरीसुद्धा. १८८३ साली सुप्रीम कोर्टात क्रो डॉग नावाच्या माणसाचा खटला गेला. लकोटा जमातीतला. त्याने आपल्याच जमातीच्या एका नायकाला मारलं होतं. जमातीने जमातीच्या रीतीने ते मिटवलंही होतं, पैसे, घोडे, घोंगडी देऊन. कोर्ट म्हणालं, हा आपल्या अखत्यारीतला गुन्हा नाही. त्यावर वॉशिंग्टनमध्ये गहजब झाला आणि १८८५ मध्ये काँग्रेसने कायदा केला: राखीव मुलुखात एका आदिवासीने दुसऱ्याचा खून केला, तर तो केंद्राचा गुन्हा. तेव्हापासून मुडदा सापडला की नवाहो पोलिसाने जागा राखायची, आणि सूटबूट घालून दुसराच येणार."

"आणि गुन्हेगार गोरा असला तर?"

"मग आणखी गंमत. १९७८ साली कोर्टाने ठरवलं, बाहेरच्या माणसावर जमातीचं कोर्ट फौजदारी खटला चालवू शकत नाही. पुढं घरगुती मारहाणीसारख्या गुन्ह्यांपुरती थोडी सूट मिळाली, तीही २०१३ मध्ये. आणि क्राउनपॉइंटच्या बाजूला जमिनीचाच बुद्धिबळाचा पट झालाय. एक तुकडा जमातीचा, शेजारचा खाजगी, त्यापुढचा सरकारी. प्रेत कुठल्या घरात पडलंय हे आधी मोजायचं, मग कुणाचा गुन्हा ते ठरणार."

भाऊ खळखळून हसले. हद्दीवरून दोन ठाण्यांची पत्रापत्री चालली आहे आणि प्रेत मध्येच, असले प्रसंग त्यांच्या नोकरीत होऊन गेलेले. मी म्हटलं, अजून ऐका. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाहीत. नवाहो मुलुखात करतात, कारण त्यांना तिन्ही राज्यांत एकच वेळ हवी. आणि नवाहोंच्या मुलुखाने चहूबाजूंनी वेढलेला होपींचा मुलूख आहे, ते पुन्हा करत नाहीत.

"मग गुन्हा घडल्याची वेळ कुठली लिहायची?" भाऊ खरोखरच अस्वस्थ झाले.

वहिनींना कायद्यात रस नव्हता. "तो दुसरा कोण तुमचा? लीप की काय?"

"लीपहॉर्न. जो लीपहॉर्न, लेफ्टनंट. चीपेक्षा वयाने मोठा, अगदी दुसऱ्या तऱ्हेचा. ची श्रद्धाळू, हा चिकित्सक. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की याच्या कपाळाला आठ्या. भिंतीवर भला मोठा नकाशा लावलाय आणि त्यात टाचण्या. एक रंग दारूच्या गुन्ह्यांना, एक चेटकाच्या तक्रारींना. टाचण्यांकडे बघत बसतो आणि योगायोगावर विश्वास ठेवत नाही."

"घरी कोण?"

"बायको होती, एमा. गेली."

वहिनींनी कढीपत्ता पदरात घेतला आणि दगडावर बसल्या. मग सांगावंच लागलं. 'स्किनवॉकर्स'मध्ये एमा विसरायला लागते. अल्झायमर असेल या धास्तीने हा माणूस आतून पोखरतो. हाताखालच्या कुणाला कळू देत नाही, आणि डॉक्टरकडे जाणंही लांबवतो, कारण एकदा नाव दिलं की ते खरं होणार. निघतं काय, तर मेंदूत गाठ, काढता येण्यासारखी. वाचणारा हुश्श करतो. पुढची कादंबरी उघडावी तर शस्त्रक्रियेनंतर ती गेलेली आहे, आणि लीपहॉर्न राजीनामा देऊन घरी बसायला निघालाय.

"अरे देवा. मूलबाळ?"

"नाही. म्हणून तर बघवत नाही. घरी आला की सवयीने बोलायला तोंड उघडतो."

त्या कादंबरीचं नाव 'अ थीफ ऑफ टाइम'. १९८८ मधली. माझ्या मते सगळ्यांत ती उजवी. एक संशोधक बाई चांदण्या रात्री एकटीच दुर्गम घळीत उतरते, शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांच्या मडक्यांच्या मागावर, आणि परत येत नाही. तिकडे कुणी खोदायचं यंत्र पळवलंय. एकाच जुन्या कुंभारणीचा हात वेगवेगळ्या मडक्यांवर ओळखता येतो का, हा त्या बाईचा ध्यास, आणि तसल्या मडक्यांना बाजारात मरणाचा भाव. १९७९ चा कायदा आहे, सरकारी वा आदिवासी जमिनीत परवान्याशिवाय खणलं तर तुरुंग. तरी लोक रात्री खणतात, मडकं काढतात आणि हाडं उधळून देतात. नवाहो माणूस त्या जागांकडे फिरकत नाही. मेलेल्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं.

"मेलेल्याचं नावही घेत नाहीत," मी म्हटलं. "जुन्या रीतीत कुणी घरात मेलं तर ते घर सोडून देतात. उत्तरेच्या भिंतीला भगदाड पाडून प्रेत बाहेर काढायचं, आणि पुन्हा त्या घरात राहायचं नाही. पूर्वेकडे दार असलेलं घर आणि उत्तरेला भोक दिसलं की लीपहॉर्नला न विचारता कळतं, इथं काय झालं."

भाऊंना ते फार आवडलं. म्हणाले, "हा पंचनामा!"

खरा पंचनामा पुढंच आहे. १९७८ च्या 'लिसनिंग वुमन'मध्ये एका म्हाताऱ्याचा आणि एका पोरीचा खून होतो. ती पोर मार्गारेट सिगारेट नावाच्या आंधळ्या बाईची भाची. ही बाई दुखण्याचं मूळ ऐकून सांगते. ती कड्याच्या आडोशाला ऐकायला बसलेली, तेवढ्यात इकडे दोघांना मारलं. परत येऊन भाचीला हाका मारते, आणि ओ येत नाही. एफबीआयवाल्यांनी तिचा जबाब घेतला तो आपल्या पद्धतीने: काय ऐकलंत, कोण आलं होतं, वैर होतं का, सही करा. लीपहॉर्न तो जबाब तपासतो आणि त्याच्या लक्षात येतं, विचारायचं ते कुणी विचारलंच नाही. म्हाताऱ्याचं दुखणं काय होतं? तो कशाने घाबरला होता? इलाज करणाऱ्या बाईला रोगी सगळं सांगतो, हे त्या सूटवाल्यांच्या गावी नाही.

मग तो तिला भेटायला जातो तेही रीतीने. नातलगांतल्या मुलीचा न्हाण आल्याचा विधी चालू आहे, ती तिथे. हा चारचौघांत थांबतो. घाई करत नाही. तिच्या बोलण्यात खंड पडला तरी मध्ये तोंड घालत नाही. नवाहो रीत तशी आहे. दुसऱ्याचं बोलणं संपलं की थोडं थांबायचं, त्याला आणखी काही आठवलं तर. नवखा गोरा अधिकारी ती शांतता भरून काढायला पुढचा प्रश्न टाकतो आणि घोटाळा करतो.

"कुणाच्या घरी गेलं तरी असंच," मी सांगितलं. "गाडी अंगणाबाहेर उभी करायची आणि गाडीतच बसायचं. दार ठोठावायचं नाही. घरातल्यांना आवरायला, केस सारखे करायला वेळ द्यायचा. भेटायचं असेल तर ते दारात येतील, नाही आले तर परत जायचं."

"किती सुधारलेले आहेत," वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे तर थेट स्वयंपाकघरात येतात." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघू लागल्या. मी मॅगिनिसचा विषय काढला.

जॉन मॅगिनिस म्हणजे शॉर्ट माउंटनच्या दुकानाचा मालक. गोरा म्हातारा. दुकान कित्येक वर्षांपासून विकायला काढलंय, गिऱ्हाईक काही येत नाही. कोका-कोलाच्या ग्लासात व्हिस्की ओतून बसतो आणि कुरकुरत असतो. त्याच्या दुकानात पोष्टाची पत्रं येतात, दागिने गहाण पडतात, लोकर विकली जाते. कुणाची मेंढरं कुणी चारली, कुणाचा पोरगा कॅलिफोर्नियाहून परतलाय, कुणाच्या घरी विधी बसवलाय आणि त्याचा खर्च कुठून आला, सगळं त्याला ठाऊक. लीपहॉर्न निम्मे गुन्हे इथेच सोडवतो असं माझं मत आहे. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तेव्हा येतो. हा मात्र ऐकून घेतो, कोण कुणाचा कोण, आणि कोणाचं वागणं त्याच्या घराण्याला धरून नाही. वाईट माणसाबद्दल नवाहो काय म्हणतात माहीत आहे? याला जणू नातेवाईकच नाहीत असा वागतो. त्याच्या पुढची शिवी त्यांच्याकडे नाही.

"सासूला काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं. त्यांना काय सुचेल सांगता येत नाही.

"अहो, तीच तर मजा. जुन्या रीतीत जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही. सासूनेही जावयाचं नाही. समोरासमोर आले तर आंधळेपणा यायचा अशी समजूत. एक आत आलं की दुसऱ्याने मागच्या बाजूने निघायचं. आणि लग्नानंतर जावई राहायला येणार बायकोच्या आईच्या वस्तीवर!"

भाऊ म्हणाले, त्या लोकांनी बराच विचार केलेला दिसतो. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"पण हे सगळं त्या हिलरमनला कुठून कळलं? तो कुठला?"

तो नवाहो नव्हे. १९२५ चा जन्म, ओक्लाहोमातलं सेक्रेड हार्ट हे खेडं. गरीब शेतकऱ्याचा मुलगा. जवळ दुसरी धड शाळा नाही म्हणून नन्स चालवायच्या त्या आदिवासी मुलींच्या शाळेत हा गोरा पोरगा शिकला. दुसऱ्या महायुद्धात पायदळात, सुरुंगात जखमी झाला, शौर्यपदक घेऊन १९४५ मध्ये परतला. तेव्हा ट्रक चालवताना क्राउनपॉइंटजवळ त्याला घोड्यांवरून निघालेले नवाहो दिसले. युद्धावरून परतलेल्या मुलांना शत्रूच्या मरणाचा विटाळ झडावा म्हणून विधी होता. ज्या युद्धातून तो आला त्याच युद्धातून तेही आले होते; त्यांच्या घरच्यांनी त्यांना घरात घेण्याआधी धुऊन काढायची सोय केली होती. याची सोय कुणी केली नव्हती. ते त्याच्या मनात राहिलं. पुढं वर्षानुवर्षं बातमीदारी, मग अल्बुकर्कीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी, 'द ब्लेसिंग वे'. त्याच्या एजंटचा सल्ला होता, ते आदिवासींचं सामान काढून टाक.

"मग उरलं काय असतं?" भाऊ म्हणाले.

"तेच. हार्पर प्रकाशनाच्या संपादक जोन कान यांनी उलट सांगितलं, त्या पोलिसाला जास्त जागा दे. पहिल्या हस्तलिखितात लीपहॉर्न किरकोळ होता."

"आणि त्या लोकांना हे चालतं का, बाहेरच्याने त्यांच्या विधींवर लिहिलेलं?" वहिनींनी विचारलं. बाई कढीपत्ता तोडतात म्हणून हलक्यात घेऊ नये.

चालतं आणि नाहीही. १९८७ मध्ये नवाहो सरकारने त्याला आपला मित्र म्हणून गौरवलं, आणि मुलुखातल्या शाळांतून मुलं ही पुस्तकं वाचतात. पण चेटूक करणाऱ्या, कातडं पांघरून हिंडणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंच नाही अशी शिकवण असलेल्या घरात 'स्किनवॉकर्स' हे नाव छापून विकायचं, हे कित्येकांना खटकलं. आदिवासी लेखकांनीही त्यावर बोलून दाखवलंय: आमच्या गोष्टींवर दुसऱ्याचं दुकान का? मला दोन्ही बाजू पटतात, आणि पुस्तक तरी खाली ठेववत नाही. २०२२ मध्ये या कादंबऱ्यांवर 'डार्क विंड्स' मालिका आली, तिच्यात लिहिणारे बहुतेक आदिवासी, लीपहॉर्नचं काम करणारा झान मॅक्लार्नन लकोटा वंशाचा. तिथेही नटांच्या नवाहो उच्चारांवरून नवाहो लोकांनी कान धरलेच.

"ते चेटूक काय म्हणालात?" भाऊंनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

'स्किनवॉकर्स'ची सुरुवात. ची नदीकाठी चाकांच्या घरात राहतो. बाहेर कुणीतरी टाकून दिलेलं मांजर आहे. हा ते पाळत नाही, नावही ठेवत नाही. पण कोल्ह्याकुत्र्यांपासून बचावाला दारात त्याच्यापुरती एक झडप करून दिली आहे. रात्री ती झडप वाजते. मांजर आत आलं, म्हणजे बाहेर कशाला तरी बिचकलं. हा उठून बघायला जातो, आणि त्याच मिनिटात बंदुकीचे बार भिंत फोडून अंथरुणाची चाळण करतात. सकाळी छऱ्यांमध्ये काय सापडतं? हाडाचा बारीक मणी. चेटूक करणारा माणसाच्या अंगात हाड घालतो, आणि ते परतवलं की चेटूक करणारा मरतो, अशी समजूत. म्हणजे ज्याने बार काढला त्याला वाटत होतं, चीच चेटक्या आहे.

"काडतुसात मणी," भाऊ पुटपुटले. "मुद्देमालात काय म्हणून नोंदवायचा? आणि कोणी मारला बार?"

"ते सांगणार नाही."

"अहो, मी रिटायर माणूस—"

"सांगणार नाही."

एक मात्र त्यांना सांगून ठेवलं. कोण गुन्हेगार हे ओळखण्यात फार फुशारकी नको. हिलरमनचा खुनी पुष्कळदा हावरा, शिकलेला, बाहेरून आलेला निघतो. चार-पाच वाचली की वास येतो. शेवटची पानं तो घाईत उरकतो, बंदुका, पाठलाग, डोंगरकडा. उत्तरार्धातली दोन-तीन पुस्तकं तर सरळ पातळ आहेत. १९७४ मध्ये त्याला एडगर पारितोषिक मिळालं ते 'डान्स हॉल ऑफ द डेड'ला, झुनी लोकांच्या गावात घडणारी, ती अजून घट्ट आहे. 'पीपल ऑफ डार्कनेस' युरेनियमच्या हव्यासावर आहे. ती वाचून उठल्यावर खरं काय ते बघितलं, तर त्या मुलुखात पाचशेहून जास्त खाणी खणून तशाच टाकून दिलेल्या. त्या खाणींनी केलेले खून त्या कादंबरीत आले नाहीत, आणि तिथे हद्दीवरून भांडायलाही कुणी आलं नाही.

२००८ मध्ये हिलरमन गेला. २०१३ पासून त्याची मुलगी ॲन पुढची पुस्तकं लिहिते, आणि तिने बर्नाडेटला पुढं आणलंय. वहिनींनी आधी तीच मागितली, "त्या पोरीचं सगळं नीट चाललंय ना" एवढंच बघायला. मी म्हटलं, मधल्या भानगडी वगळून चालणार नाही, आधी 'अ थीफ ऑफ टाइम' घ्या.

"आणि मला?" भाऊ म्हणाले.

"तुम्हाला 'लिसनिंग वुमन'. पण शेवटचं पान आधी बघायचं नाही."

"तीस वर्षं पोलिसात काढली, मी कशाला बघू?"

"ते बघतातच," वहिनी म्हणाल्या, "मी देते, एकेक प्रकरण फाडून."

पुस्तक माझं आहे, फाडायचं नाही, असं बजावून मी ते आणायला आत गेले.